घोडीचं पुस्तक आणि ग्रंथपालकाकांचं मत

आयुष्यभर गावाकडून मतं वसूल करणाऱ्या माणसानं स्वतःची पाळी आल्यावर तोंडात गुळणी धरून बसावं, याला तुम्ही काय म्हणाल? घाईनं उत्तर देऊ नका. मी घाई केली आणि पस्तावले. अख्ख्या परभणी जिल्ह्यात मत नसलेला माणूस एखाद वेळी सापडेल, पण आमच्या बोरीत सापडणार नाही, आणि याचं सगळं श्रेय किंवा सगळा दोष आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालकाकांचा आहे.

काकांच्या वाचनालयाचा नियम एकच. पुस्तक परत करताना त्याच्याबद्दलचं मत सांगायचं, काका ते जाड अभिप्राय वहीत उतरवून घेणार, मगच दुसरं पुस्तक मिळणार. 'छान आहे' हे मत तिथं चालत नसे. "छान तर भज्यालाबी म्हणता येतं. पुस्तकाबद्दल बोल," असं म्हणून ते कानावरची पेन्सिल काढून वाट बघत बसत. त्या वाट बघण्यापुढं भलेभले शरण जात. पुस्तकाच्या जितक्या पानांचे कान कुणी मुडपलेले दिसतील, तितकी मिनिटं स्वतःचा कान मुडपून दारात उभं राहायचं. आमच्या सध्याच्या सरपंचांनी शाळेत असताना एकदा मधली सुट्टी अशीच काढली होती. मत मागण्याची ही खोड वाचनालयाच्या उंबऱ्याशी थांबली असती तर ठीक होतं. पण काका एसटीतून उतरताना मागच्या प्रवाशांना ड्रायव्हरच्या ब्रेकबद्दल विचारत. केस कापून झाल्यावर न्हाव्याला तीन परिच्छेदांचं मत तोंडी देत आणि त्यावर न्हाव्याचं मत मागत. पुतणीच्या लग्नात तर ते पंगतीत वही घेऊन फिरले आणि पानापानाशी वाकून वरणाबद्दल विचारू लागले. शेवटी त्यांचा सख्खा भाऊ हात जोडून म्हणाला, "दादा, लोक जेवायला आलेत, परीक्षेला न्हाई!" काकांनी तेही वहीत लिहून घेतलं.

मला हे सगळं आवडायचं. माझे वडील चळवळीतले. आमच्याकडं उरलेल्या पत्रकांवर भाकरी ठेवून जेवायची रीत होती. भाकरी संपत जाई तसा खालचा मजकूर उघडा पडे, अशी मी वाचायला शिकले. प्रत्येक माणसाला मत असलंच पाहिजे आणि ते त्यानं उभं राहून सांगितलंच पाहिजे, हे घरात वडील म्हणत आणि वाचनालयात काका करवून घेत.

त्या वाचनालयातलं सगळ्यात झिजलेलं पुस्तक म्हणजे घोडीचं पुस्तक. जुनी, नावाजलेली बालकादंबरी. पण तिचं खरं नाव बोरीत कुणी घेत नाही. एका मुलीची म्हातारी घोडी घरचे बाजारात विकतात आणि मुलगी नदीच्या काठाकाठानं तिला शोधत निघते, एवढीच गोष्ट. आमच्या प्रतीला शेवटची पानं नव्हती. "लय नाजूक झाली म्हणून जपून ठेवलीत," असं काका सांगत. मूल तिथपर्यंत वाचून आलं, की कपाटातून खाकी पाकीट काढत, आतले कागद डोळ्यांसमोर धरत आणि शेवट वाचून दाखवत. एका वेळी एकाच मुलाला, अगदी हळू आवाजात. बोरीतल्या दोन पिढ्यांनी तो शेवट असाच ऐकला.

यंदा त्या कादंबरीवर सिनेमा आला. परभणीत लागल्याचं कळताच आम्ही एक काळीपिवळी जीप ठरवली आणि दुपारच्या खेळाला गेलो. मी, दूध डेअरीवरचा ज्ञानोबा, अंगणवाडीच्या सुमनताई, आणखी सात-आठ जण आणि अर्थातच काका. सिनेमाच्या शेवटी मुलीला घोडी सापडते. पण नव्या घरातला आजारी मुलगा तिच्या पाठीवर बसून वर्षानं पहिल्यांदा हसलेला असतो. ते बघून मुलगी घोडीच्या मानेवरून हात फिरवते आणि एकटीच परत फिरते.

दिवे लागले. परभणीची माणसं डोळे पुसत बाहेर पडली. "रडवलं हो, पण लेकरांना घेऊन पुन्हा येणार," असं एक बाई म्हणाल्या. कुणी मोबाइलवर पाच तारे देत होतं. काका तेवढं पुटपुटले, "पाच तारे म्हंजी काय, हाटेल हाय का ते?" चिडलेली होती ती फक्त बोरीची माणसं. ज्ञानोबा तर तिकीटखिडकीवर जाऊन भांडला, "शेवट बदललाय तुमी! आमी पुस्तक वाचलंय!" माझं रक्त उसळलं. एवढ्या जुन्या पुस्तकाशी असा खेळ? मी तिथंच पायरीवर बसून पत्रक लिहिलं, 'शेवट बदलणाऱ्यांचा जाहीर निषेध', आणि शेजारच्या दुकानातून त्याचा झेरॉक्सचा गठ्ठा करून घेतला. पहिली सही काकांची घ्यायची म्हणून कागद पुढं केला, तर ते म्हणाले, "बघू." गाडीत बसल्यावर मत विचारलं, तर खिडकीबाहेर बघत बसले. मी मनातल्या मनात त्यांना भित्रे ठरवून टाकलं.

गाडी परभणीबाहेर पडली तशी ज्ञानोबानं पुन्हा सुरुवात केली. "घोडी दावं तोडून घरी येती, हे शेंबड्या पोरालाबी म्हाईत हाय."

"घरी कुठं येती?" सुमनताई म्हणाल्या. "पोरगी तिथंच ऱ्हाती, शिकती आन् घोड्यांची डाक्टर होती."

"ताई, काय बोलायलाव तुमी! मी सोता ऐकलंय."

"मग मी काय झोपेत ऐकलं?"

मी म्हणाले, "दोघंही चुकताय. ती भर बाजारात लगाम धरते आणि सगळ्यांसमोर ओरडते, ही माझी आहे."

तेवढ्यात ड्रायव्हरनं मान मागं वळवली. तोही बोरीचाच. "मला तर काकानं सांगितलं व्हतं, घोडी इकलीच नव्हती, बापानं गंमत केली व्हती."

सगळे पुढच्या सीटवर बसलेल्या काकांकडं बघू लागले. तिथून आवाज आला, "झरी गाव गेलं का मागं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गठ्ठा घेऊनच वाचनालयात गेले. काही विचारायच्या आत काकांनी खाकी पाकीट टेबलावर ठेवलं. आत कुठल्या तरी जुन्या शिबिराची परिपत्रकं होती.

"उंदरानं नेली पानं, पहिल्याच वर्षी," ते म्हणाले. "मी सोता वाचायच्या आधी. वर कळवलं असतं तर पुस्तक नोंदवहीतून काढावं लागलं असतं. आन् पोरं तर दारात हुबी, पुढं काय झालं म्हणून."

"मग दुसरी प्रत मागवायची!"

"मागवली असती तर एकच शेवट उरला असता, बाई. ज्ञानोबाचा बाप तवा घर सोडून गेल्ता. सुमनची शाळा बंद करायचं चाललं व्हतं. ज्याला जसा लागला तसा दिला."

"काका, ही वाचकांची फसवणूक आहे," मी म्हणाले. आजही माझं मत तेच आहे.

"हाय," ते म्हणाले. "लिही माझ्यावर पत्रक." आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली.

मी ती घेतली नाही. मी विचारलं, "मग मला तो बाजारातला शेवट का?"

"तू लय भित्री व्हतीस. नाव इचारलं तरी आईच्या पदरात शिरायचीस."

वडिलांच्या पत्रकांना मी जे श्रेय देत आले, त्यातला निम्मा वाटा परिपत्रकं डोळ्यांसमोर धरून खोटं वाचणाऱ्या या माणसाचा निघाला.

मग त्यांनी सिनेमाबद्दलचं मत दिलं, न मागता. "त्यांचा शेवट बरा हाय. मला सुचला नव्हता." चष्मा पुसत म्हणाले, "इतक्या वर्षांनी कळलं, त्या घोडीचं काय झालं ते." आणि दाराकडं बघून हळूच विचारलं, "आता पोरं येतील का गं?"

त्या आठवड्यात दोनच मुलं आली. गावात बोलणं चालूच आहे. कुणी हसतं, कुणी लबाड म्हणतं. काकांनी किती मुलांना किती शेवट सांगितले ते त्यांनाही आठवत नाही. वहीत मुलांची मतं आहेत, काकांनी सांगितलेला एकही शेवट नाही. माझा गठ्ठा मात्र वाचनालयाच्या टेबलावर आहे. एका बाजूला निषेध छापलेला, दुसरी बाजू कोरी. ज्ञानोबानं आणि सुमनताईंनी आपापला शेवट त्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलाय, मीही दिलाय, आणि ते कागद दोऱ्यानं पुस्तकाला शिवलेत. तुम्ही बोरीत वाढला असाल, आता कुठंही असाल, तर एकदा या. काकांसमोर बसा, एक कागद उचला आणि तुमच्या वाट्याला आलेला शेवट लिहा. फक्त 'छान होता' असं लिहू नका, ते घेणार नाहीत.