बाळकाकाच्या उष्ट्या काड्या

या ग्रुपवरचे अनुभव मी सकाळचा चहा पिताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक, पिंपळाखालचा बुवा... मला काही म्हणजे काही होत नाही. निम्मं आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलंय. आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त लोणच्यात असते. तेव्हा मी पुढे जे लिहितेय त्यात मला कुणी दिसलं नाही, कुणी किंचाळलंही नाही. मला फक्त किळस आली. अजूनही येते. जेवता जेवता वाचत असाल तर राहू द्या, हात धुऊन मग वाचा.

आम्ही देवासचे. उज्जैन रोडकडच्या एका कॉलनीत आमचं घर आहे. दोन खोल्या, हॉल आणि एक लांबट स्वयंपाकघर. त्याच्या एका कोपऱ्यात देव, दुसऱ्या टोकाला जेवायचं टेबल. घरात मी, माझा नवरा शिरीष, कॉलेजात जाणारा मुलगा पार्थ आणि सासूबाई. शिरीषची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, धारला असतात.

वन्सं आणि मी मिळून कादंबऱ्या लिहितो. हसू नका. ‘रतनखेडी’ नावाचं एक काल्पनिक गाव, तिथलं एक जुनं दरबारी मराठी घराणं, आता सगळे बँकेत नाहीतर विम्यात. एक भाग मी लिहायचा, पुढचा त्यांनी. आधी मोबाइलच्या ॲपवर येतो, मग इंदूरचा एक छोटा प्रकाशक छापतो. वाचणारे आहेत बऱ्यापैकी. आमच्या घरात मात्र कुणी नाही. शिरीष दोन पानांत झोपतो, पार्थ हिंदी शाळेतला, त्याला मराठी वाचायचं म्हटलं की घाम फुटतो, आणि सासूबाईंच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही.

घोळ असा की रतनखेडी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे देवास असतं आणि वन्संच्या डोळ्यांपुढे धार! माझ्या गावात मधोमध रस्ता, इकडे थोरल्या पातीचं संस्थान, तिकडे धाकट्या पातीचं. संस्थानं जाऊन इतका काळ लोटला तरी लग्नाच्या पंगतीत माणसं अजून विचारतात, तुम्ही कुठल्या पातीचे. वन्संच्या गावात पाती-बिती नाही, किल्ला आणि तलाव. दुसऱ्या भागात त्यांनी नायिकेला सरळ तलावाच्या काठी नेऊन बसवलं. मी फोन केला, “वन्सं, आपल्या रतनखेडीत तलाव नाही.”

“तलाव नाही? असलं कसलं गं गाव! मग माणसं संध्याकाळी जातात कुठे?”

तिसऱ्या भागात मी मुकाट्याने सरकारी योजनेतून तलाव खणून घेतला. काय करणार? कुणाचं घर कुठल्या बाजूला, कुणाला साखर, कुणाची बायको खातेगावची, हे सगळं माझ्याच डोक्यात. वन्संनी लिहायचं आणि मी निस्तरायचं, अशी आमची वाटणी.

तर बाळकाका. हा मी पहिल्या भागात लिहिला. नायिकेच्या सासरचा चुलता, आयतं खाणारा. याची खोड अशी — जेवण झालं की देवापुढची काडेपेटी घ्यायची, एक काडी काढायची, गुलाचं टोक बोटात धरून दुसरं टोक दाढेत घालायचं, मजेत फिरवायचं, चघळायचं, आणि मग ती काडी परत पेटीत ठेवायची. वाया कशाला घालवा! दुसऱ्या दिवशी सून त्याच पेटीतल्या काडीने देवापुढे दिवा लावणार. शिवाय दर बुधवारी भजनाला जातो सांगून मित्राकडे मटण चापून यायचा. असा माणूस मी कधी पाहिलेला नाही, देवाशप्पथ. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मटार सोलताना सुचला होता.

आणि चौथ्या भागात वन्सं त्याच्या प्रेमात पडल्या. त्यांचा बाळकाका पांढराशुभ्र कुडता घालतो, खिशात वेलदोडे ठेवतो, येईल त्याच्या हातावर एक ठेवतो. वाचकांनाही आवडला. मग वन्संनी ठरवलं, पाचव्या भागात त्याचं नायिकेच्या विधवा मावशीशी लग्न लावायचं.

“अहो वन्सं, तो काड्या चघळून पेटीत ठेवतो!”

“सुधारतो गं माणूस.”

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.”

शेजारून शिरीष म्हणाला, “हा तर जिताही नाही. मग जायची कशी?” त्याला असले विनोद सुचतात.

प्रकाशक पहिल्या भागाची नवी आवृत्ती काढत होता. वन्संनी पिच्छा पुरवला, तिथली ती घाण काढून टाक, म्हणजे पुढचं-मागचं जुळेल. मलाही पटलं. ॲपवरून आणि नव्या आवृत्तीतून काड्यांची, मटणाची सगळी वाक्यं मी वेचून काढली. बाळकाका स्वच्छ झाला.

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी निरांजन लावायला काडेपेटी उघडली. काडी हाताला ओली लागली. ओली म्हणजे दमट नाही हो, लिबलिबीत. टोक चावून चावून कुंचल्यासारखं झालेलं. शी! मी ती फेकली, हात साबणाने धुतला आणि पार्थवर ओरडले. तो म्हणाला, “मम्मी, मैं क्यों चबाऊँगा? मला काय वेड लागलंय?” खरंच होतं, त्याला तेही सुचायचं नाही.

दुसऱ्या दिवशी परत. पेटी बदलली, परत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जाऊन झाडलं, तर तो वैतागला, “भाभीजी, सीलबंद माल है, अंदर क्या मैं बैठा हूँ?” त्याच्यासमोर नवं पुडकं घेतलं, घरी येऊन स्वतः कागद फाडला, एक पेटी उघडली. वरच्या तीन काड्या चघळलेल्या. एकीच्या फाटलेल्या टोकात काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने ओढलं. तपकिरी, बारीक तंतू. मी ज्योतीवर धरला, तर जळक्या केसांचा वास आला. सुती धागा, भाजी, साल असं काही जळताना तसा वास येत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलंय. ते मांस होतं. आमच्या घरात, देवापुढे! मला भडभडून ओकारी झाली. आणि बेसिनवर वाकलेली असतानाच डोक्यात आलं, आज गुरुवार. काल बुधवार होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गॅसच्या लायटरने निरांजन लावलं असतं आणि विषय संपवला असता. पण सासूबाईंनी जेवण सोडलं.

आई सोवळ्याओवळ्याच्या फार कडक. उष्टं-खरकटं म्हणजे त्यांना मरणच. मला वाटलं, यांच्याही हाताला एखादी काडी लागली असणार आणि आता या घरातलं अन्नच विटाळलं म्हणून बसल्यात. टेबलाशी आणून बसवलं की पानाकडे बघायच्या, समोर बघायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि उठायच्या. “नको गं. इच्छा नाही.” त्यांच्या खोलीत दार लावून एखादं केळं तेवढं खायच्या. त्यांना इन्सुलिन आहे. इन्सुलिन घेऊन न जेवणं म्हणजे काय ते घरात साखरेचा माणूस असलेल्यांना सांगायला नको. मी हाता-पाया पडले, ओरडले, रडलेसुद्धा. माझ्या हातचं ही बाई इतकी वर्षं खातेय, मऊ भात, साधं वरण, आणि आता माझ्या हातचं नको? एका दुपारी त्या देवांसमोर बसल्या बसल्या कलंडल्या. घामाने डबडबलेल्या, डोळे फिरलेले. तोंडात साखर घातली, डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, “अम्माजी को खिलाओ भिया, नहीं तो भर्ती करना पड़ेगा. इस उमर में दोबारा ऐसा हुआ तो मैं कुछ नहीं कह सकता.” शिरीषच्या तोंडचं पाणी पळालं.

मी वन्संना फोन करून सगळं सांगितलं. काड्या, तंतू, बुधवार. म्हटलं, ती वाक्यं मी परत घालते.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे ना सुनंदा? आई तिकडे मरणाला टेकलीय आणि तुला बाळकाका सुचतोय? खबरदार माझ्या माणसाला हात लावलास तर!”

“तुमचा माणूस! वन्सं, जन्माला मी घातलाय त्याला!”

फोन आपटला त्यांनी. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी हजर झाल्या, धारहून येताना तिथल्या बाजारातली काडेपेटी घेऊनच. म्हणाल्या, “तुमच्या इथला मालच भिकार आहे. ही बघ.” आईंना कुशीत घेऊन झालं, डोळे पुसून झाले, मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी पेटी उघडली आणि काडी काढली.

वन्संचा चेहरा मी कधी विसरणार नाही. काडी बोटाला चिकटली होती. लाळेची पातळ तार लोंबत होती. त्यांनी नकळत ती नाकाशी नेली आणि झटक्यात लांब केली. मलाही वास आला. शिळ्या तोंडाचा, कुबट. आणि त्यात वेलदोडा.

वेलदोडा मी कधीच लिहिला नव्हता. तो वन्संचा.

“घाल परत,” त्या बेसिनशी खाकरत म्हणाल्या. “सगळं घाल. मेला, गलिच्छ! आत्ता घाल!”

तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडून मी एकेक वाक्य जागच्या जागी बसवलं. काडी, दाढ, पेटी, मटण, भजन. नव्या आवृत्तीची छपाई थांबवायला प्रकाशकाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, पागल हो गए क्या आप लोग?” मी म्हटलं, हो, झालो.

संध्याकाळी नवी पेटी उघडली. काड्या कोरड्या. एकूणएक बाहेर काढून ओट्यावर पसरून पाहिल्या, सगळ्या कोरड्या ठाक. आजपर्यंत तशाच आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आपण होऊन टेबलाशी येऊन बसल्या. “वाढ गं, भूक लागलीय.” मी मऊ भात, वरण, तूप वाढलं. खाली मान घालून त्या भराभर जेवल्या. मला रडूच यायला लागलं. न राहवून म्हटलं, “आई, इतके दिवस माझ्या हातचं का नको होतं हो तुम्हाला? काय चुकलं माझं?”

त्यांनी नवलाने पाहिलं. “तुझ्या हातचं? तुझ्या हातचं कशाला नको असेल? तो समोर बसून दात कोरत असायचा. त्याच्यासमोर घास उतरायचा नाही गं माझ्या घशाखाली.”

“कोण?”

“तुझा तो पाहुणा.” आणि मग जरा रागावून, “किती दिवस ठेवून घ्यायचं पण माणसाला! मी वाट बघत होते, तू कधी त्याला जा म्हणतेस. आपल्याकडे पाहुण्याला सासूने जा म्हणायची रीत नाही. ज्याचा पाहुणा त्याने बोलायचं.”

वन्सं शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी विचारलं, “माझा पाहुणा, असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“अगं, पहिल्याच दिवशी विचारलं मी, आपण कोण म्हणून. उठून नमस्कार केलान, वेलदोडा पुढे केलान. म्हणाला, मी बाळ. सुनंदाबाईंनी बोलावलंय.”

मी बोलावलंय... शी, शी! शिरीष म्हणतो, तुमची फोनवरची भांडणं आईच्या कानावर पडली असतील, साखर कमी झाली की माणसाला काहीबाही दिसतं. असेल. मग ओल्या काड्यांचं काय, असं विचारलं की पेपरात डोकं घालतो. रसायनशास्त्रात तर हे कुठेच बसत नाही.

पाचवा भाग अर्धा पडलाय. लग्न मोडलं. वन्सं मात्र हटून बसल्यात, या भागाच्या पहिल्याच प्रकरणात त्याला मारून टाकू, पुस्तकातून कायमचा जाऊ दे मेला. मी त्यांना हात जोडून सांगितलंय, वन्सं, नको. पुस्तकातून जाईल, पण मग राहील कुठे?