गळू पाठीवर, डाग फुप्फुसात

आज सकाळी परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी माझ्या मोठ्या भावाच्या छातीचा सीटी स्कॅन दाखवला. दोन्ही फुप्फुसांत पांढरे गोल डाग, काही मधून पोकळ झालेले.

गणपतीला गावी निघायच्या आधी दादाच्या पाठीवर गळू आलं होतं. "आल्यावर दाखवतो," म्हणाला. तुमच्यातले अर्धे कोकणातले आहात, तुम्हाला माहीतच आहे. आमच्या लालबागच्या चाळीत त्या दिवसांत प्रत्येक दुखणं 'गावाहून आल्यावर'च असतं. गावी आईने पोटीस बांधलं, मग दाबून पू काढला. दादाला बरं वाटलं, आरतीलाही उभा राहिला.

मुंबईत आल्यावर थंडी वाजून ताप आला. आम्ही म्हटलं, प्रवासाचा असेल. मग धाप लागायला लागली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गळवातले जंतू रक्तात गेले आणि रक्तातून फुप्फुसात. गळू असं दाबायचं नसतं." दादा ऑक्सिजनवर आहे. काही सांगता येत नाही म्हणतात.

आई बाहेर बाकड्यावर बसली होती. मला म्हणाली, "गळू पाठीर होतां, मगे छातीत कसां गेलां?"

मी तिच्या शेजारी बसलो. तीच पुढे म्हणाली, "बरां झालां, मी दाबून सगळी घाण काढलंय. नायतर आणखी वाढलां असतां."

मी नुसती मान हलवली. दादा बरा झाला तरी तिला हे कधी सांगायचं का? तुम्ही सांगितलं असतं?