बुधवारचा रस्सा

गॅरेजात त्याला सगळे रंगारी म्हणत आणि हे नाव त्यानं कमावलेलं होतं. ठोकर लागलेल्या, घासलेल्या गाडीवर तो असा रंग चढवायचा की मार कुठे बसला होता हे गाडीच्या मालकालाही सापडू नये. लाल म्हटलं की तुम्हाआम्हाला एकच लाल दिसतो. त्याला उन्हात विटलेला लाल वेगळा दिसे, सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीचा वेगळा. डब्यात काडी बुडवायची, पत्र्याच्या तुकड्यावर रेघ ओढायची, तुकडा उन्हात धरून एक डोळा मिटायचा आणि मग म्हणायचं, “काळ्याचा एक थेंब.” तेवढ्यानं रंग जुळायचा. या सगळ्या वेळात तोंडावर लावायचा मास्क मात्र गळ्यात लोंबकळत असे. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते आणि शेड चुकते, असं त्याचं म्हणणं. थिनरच्या वासानं नव्या माणसाचं डोकं उठायचं; हा त्याच वासात बसून शांतपणे डबा खायचा, आणि वर त्याचा तोराही मिरवायचा.

स्वयंपाकाचा नाद त्याला उशिरा लागला. बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून नाइलाजानं ओट्याशी उभा राहिला, आणि कढईतला कांदा आधी काचेसारखा, मग सोनेरी, मग बदामी होताना बघून तिथेच अडकला. हे तर आपलंच काम! टोमॅटो पडला की रंग उघडतो, हळद जास्त झाली की मळतो, शेवटी वर तेलाचा तवंग आला की पॉलिश झालं. बायकोचा हात बरा झाला, पण गडी ओट्यापासून हलेना. “रंग आला की चव आलीच,” हे त्याचं पाकशास्त्र. एका वाक्यात आटपलेलं, आणि पुढे कळलं तसं, साफ चुकलेलं.

नाद लागला खरा, पण वेळ कुठून आणायचा? सकाळी बायको औषधाच्या दुकानात गल्ल्यावर जायची, मुलगी शाळेत, आई गुडघे धरून खुर्चीत. संध्याकाळी हा घरी यायचा तेव्हा स्वयंपाकघरात चौघांची घाई असायची आणि घाईत याच्या कांद्याला कोण विचारतो? शेवटी धीर करून तो गॅरेजच्या मालकांकडे गेला. रविवारची सकाळ मी भरतो, म्हणाला, मला बुधवारची दुपार द्या.

“बुधवारी दुपारी काय आहे तुझं?” मालकांनी विचारलं.

“घरी आहे जरा.” जेवण करायचं असतं हे सांगायची त्याला लाज वाटली. मालकांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीनं सौदा फायद्याचाच होता.

माणसाकडे मोकळी दुपार आहे ही बातमी नात्यात कशी पसरते कोण जाणे. बहिणीला बुधवारीच कपाट हलवायचं असायचं, मेहुण्याच्या स्कूटरला बुधवारीच ओरखडा पडायचा, आईचे डोळे नेमके बुधवारी दुखायचे. रंगारी एरवी कुणाला नाही म्हणणारा माणूस नव्हता, पण बुधवारसाठी तो भांडला. बहीण रुसली, मेहुणा तर महिनाभर बोलला नाही. यानं दोघांनाही रुसू दिलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं फक्त स्वतःसाठी मागितली होती.

एका माणसापुढे मात्र त्याचं काही चालत नसे. बुधवारी बायको दुकानातून लवकर यायची, पर्स टेबलावर टाकायची, उकळत्या रस्स्याकडे बघून म्हणायची, “वा! काय रंग आलाय!” आणि लगेच, “अहो, आईंच्या गोळ्या संपल्यात.”

“तू औषधाच्या दुकानातूनच आलीस ना?”

“आमच्याकडे ती कंपनी नाही. कोपऱ्यापलीकडच्या दुकानात मिळेल.”

कधी गोळ्या, कधी दूध, कधी मुलीला शाळेसाठी चिकटवायचा कागद. दर बुधवारी, रस्सा उतरवायच्या वेळी, नेमकं काहीतरी संपायचं. तो कुरकुरत चपला घालायचा. जिन्यावरून उतरताना म्हणायचा, या घरात माणसाला पाच मिनिटं उसंत नाही. पण परत येताना त्याचा राग निवळायचा. कोपऱ्यावरून वळलं की घराची गॅलरी दिसायची आणि गॅलरीत मुलगी उभी असायची. तिची वाट बघणारी नजर, त्याला पाहून वर झालेला हात! हाही पिशवी धरलेला हात तसाच वर करायचा आणि भराभर पावलं उचलायचा. पोर मोठी होत चालली होती, आता बापाशी धड बोलतही नसे. पण बुधवारी न चुकता गॅलरीत यायची. रस्त्यातल्या त्या दोन मिनिटांसाठी त्यानं रोज गोळ्या आणल्या असत्या.

मग जेवण. आई दोन घास जास्त खायची. मुलगी ताट पुसून घ्यायची. बायको म्हणायची, “माझ्या हातालासुद्धा ही चव नाही.” याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्याला स्वतःला जेवताना रस्सा जरा फिका लागायचा, कढईतून चाखला होता तेव्हापेक्षा मिळमिळीत. तसं तो एकदा म्हणालाही. “गार झाला की उतरते चव,” बायको म्हणाली. त्याला पटलं. रंगही वाळला की उतरतोच. तो वरून चिमूटभर मीठ घ्यायचा आणि जेवायचा.

असे बुधवारांमागून बुधवार गेले, वर्षं गेली, आणि गॅरेजातल्या डेंटरची निवृत्ती आली. गाडीचा दबलेला पत्रा हातोडीनं सरळ करणारा हा म्हातारा रंगाऱ्याचा जिवाभावाचा मित्र. त्यानं पत्रा उठवायचा, यानं त्यावर रंग द्यायचा, अशी जन्मभराची जोडी. निरोपाचं जेवण हॉटेलातून मागवू, असं मालक म्हणाले. रंगारी उभा राहिला. “बाहेरून कशाला? मी करतो.”

सगळे बघत राहिले. “तू?”

“मी. घरी विचारा.”

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायकोच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला. “एवढ्या माणसांचं? अहो, नको. मी रजा काढते, मी येते.”

“तू कशाला? माझा मित्र, माझा रस्सा.”

“निदान मीठ कुणाला तरी चाखायला द्या.”

“इतकी वर्षं कोण चाखतंय?” तो हसला. ती हसली नाही. आई खुर्चीतून म्हणाली, “अरे, ऐक तिचं.” मुलगी उठून आत गेली. त्याला वाटलं, यांना आपल्या कष्टांची काळजी आहे. केवढं भाबडं असावं माणसानं! तीन माणसं समोर घाबरून बसली होती आणि याला त्यात माया दिसत होती. मायाही होती म्हणा, नव्हती असं कोण म्हणेल?

निरोपाच्या दिवशी त्यानं गॅरेजच्या मागच्या अंगणात मोठी शेगडी मांडली. कोंबडी, बटाटे, कांदे, सगळं स्वतः निवडलेलं. मीठ घातलं, चाखलं, कमी वाटलं, पुन्हा घातलं. पातेल्यात असा रंग उतरला की जन्मात तसा कुठल्या गाडीवर उतरला नसेल. तो हात मागे बांधून त्याच्याकडे बघत उभा होता. एवढ्यात डेंटर आतून धावत आला.

“अरे, बघतोस काय? करपतंय!”

“काय करपतंय?”

“रस्सा! पार रस्त्यापर्यंत वास येतोय!”

रंगाऱ्यानं नाक पुढे केलं. वाफ लागली, गरम, ओलसर. वास काही नव्हता. त्यानं डाव घालून तळ खरवडला तर काळे पापुद्रे वर आले. “थोडंसंच लागलंय,” तो म्हणाला, पण डेंटर पातेल्याकडे बघत नव्हता. तो याच्याकडे बघत होता.

पानं वाढली. मालकांनी घास घेतला, थांबले, आणि पाण्याकडे हात नेला. दुसऱ्या कुणीतरी ठसका लागल्याचं निमित्त केलं. बाकीचे नुसता पाव मोडत बसले. आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं तो डेंटर खाली मान घालून एकेक घास पाण्याबरोबर गिळत होता. रंगारी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“काय झालं?”

“गड्या, मीठ रे.”

“कमी झालं?”

डेंटरनं घास तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. “तू खाऊन बघ,” तो हळूच म्हणाला.

रंगाऱ्यानं खाल्लं. त्याच्या जिभेला रस्सा अगदी बेताचा होता. दर बुधवारी कढईतून चाखताना लागायचा तसाच्या तसा.

मालकांनी शेजारच्या हॉटेलात माणूस पिटाळला. भाषणं झाली, हार घातला, डेंटरचे डोळे भरून आले. रंगाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मग जवळजवळ भरलेलं पातेलं त्यानं तसंच्या तसं एका गाडीत चढवलं आणि घरी आणून ओट्यावर ठेवलं. अंगणात ओतून देता आलं असतं. त्यानं ते घरीच आणलं.

बायको, आई, मुलगी, तिघी घरात होत्या. आईनं पातेल्याकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाली, “मी म्हणत नव्हते, एक दिवस कळणार म्हणून?”

विचारायला काही उरलं नाही. तरी त्यानं विचारलं. “केव्हापासून?”

“सुरुवातीपासून,” बायको म्हणाली. “पहिल्यांदा मी सांगितलं होतं, मीठ जरा जास्त झालंय. तुम्ही दोन दिवस अबोला धरलात. मग मी सांगायचं सोडलं.”

“आणि काय करायचीस?”

“अर्धा काढून टाकायचा. पाणी घालायचं, बटाटा कुस्करून घालायचा. कधी नवीनच करायचे, तुमच्या कांद्यावर. कांदा तुम्ही छान परतता. तो कधी बदलला नाही मी.”

कांदा तेवढा खरा! त्याला हसू आलं. “म्हणजे आईच्या गोळ्या...”

“गोळ्या घरात असायच्या,” आई म्हणाली. “डबाभर साठल्यात.”

“आणि मला वास येत नाही, हे?”

बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. “एकदा दूध जळत होतं. घरभर धूर. तुम्ही शेजारी उभं राहून पेपर वाचत होता. मी दुकानात येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रंगाच्या वाफेनं नाक जातं असं, आणि नाकाबरोबर चवही. परत येईलच असं नाही.”

“डॉक्टरांना विचारलंस. मला नाही सांगितलंस.”

“तुमचा बुधवारचा चेहरा बघितलाय तुम्ही कधी? कसं सांगणार होते? कोणत्या तोंडानं?”

“जगानं तोंडावर सांगितलं आज!” तो ओरडला. “परका मालक पाव मोडत बसला, आणि माझी माणसं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खाली उभी! केसानं गळा कापलात तुम्ही माझा. नाक माझं गेलं, आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक!”

बायको रडायला लागली. तो तिच्याकडे वळला नाही, मुलीकडे वळला. तिथे तरी काहीतरी आपलं शिल्लक असेल, अशी वेडी आशा होती त्याला. “तुलाही माहीत होतं?”

मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. “आई म्हणायची, बाबा कोपऱ्यावर दिसले की सांग,” ती म्हणाली. “मी तुम्हाला बघून हात वर करायचे, ते आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. म्हणजे तिला झाकण लावता यावं.”

 बाकीचं सगळं, पाणी, बटाटा, डबाभर गोळ्या, त्यानं कसंबसं गिळलं असतं. वर झालेला तो हात मात्र नाही. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला. नखांच्या कडांना कसलातरी निळा रंग होता.

दुसऱ्या दिवशी तो मालकांना म्हणाला, “माझा बुधवार परत घ्या.” मालकांना काल काय झालं ते आठवत होतं, त्यांनी कारण विचारलं नाही. मास्क आता तो नीट तोंडावर बांधतो. चष्म्यावर वाफ धरते, मग थांबून पुसतो. आता बांधून उपयोग काय, असं डेंटर अजून गॅरेजात असता तर म्हणाला असता.

घरी तो ओट्याकडे फिरकला नाही. बायकोनं एकदा कांदा चिरून ठेवला आणि म्हणाली, “परतता का जरा?” तो म्हणाला, “तूच कर.” ती काही चांगलं बोलली की तो मान हलवतो आणि विषय बदलतो. पत्र्यावरची एक रेघ उन्हात धरून खरीखोटी ओळखणारा माणूस, पण बायकोच्या चेहऱ्यावरचं खरं-खोटं त्याला आता जुळवता येत नाही.

असाच एक बुधवार. काम संपवून तो बाकीच्यांसारखाच संध्याकाळी घराकडे निघाला होता. हातात पिशवी नव्हती, घरी त्याचं काही शिजत नव्हतं. कोपऱ्यावरून वळला तर गॅलरीत मुलगी उभी. कुणी तिला उभं केलं नव्हतं, कुणाला काही कळवायचं नव्हतं. त्याला पाहताच तिनं हात वर केला, नेहमीपेक्षा उंच, आणि तसाच धरून ठेवला.

रंगारी थांबला. त्याची नजर आधी तिच्या शेजारी गेली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.