वीरभद्राची मियानी

चर्र आवाज आला. मी दाराबाहेर जिन्यात पाठ करून उभा होतो, पण तो आवाज मला कुठेही कळतो. शिवण उसवली तर तडतड वाजते. हे कापडच गेलं होतं.

आत योगाच्या वर्गातल्या बायका होत्या. त्यांच्यातल्या म्हात्रेकाकू ओरडल्या, "मास्टर, आहात ना तिथे? जाऊ नका. आणि वळू पण नका!"

हॉल हसला. मी नाही हसलो. ती पँट मी कापली होती.

मी कटिंग मास्टर. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यांत हयात गेली. कटिंग मास्टर काय करतो ते सांगतो. टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरतात. त्यावर मी खाका ठेवतो, म्हणजे पँटच्या भागांचा पुठ्ठ्याचा नमुना. खडूने आखतो, मशीनने कापतो. शिवणारे नंतर येतात. माझी रेघ चुकली तर सगळे थर भंगारात. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. खडू मात्र सुटला नाही.

ही पँट योगासनांची होती. बदलापूरला कुळगावात वैशालीताईंचा योगाचा वर्ग आहे. बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या बायका. योगदिनाला त्यांचा मैदानात कार्यक्रम होता आणि सगळ्यांना एकसारख्या पँटी हव्या होत्या. लायक्रा चालणार नाही, असं ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "माझ्या बायका अंगाला चिकटणारं घालून मैदानात येणार नाहीत. सुती हवं. आणि फाटायला नको."

सुती कापड ताणत नाही. अडचण तीच होती.

पहिला सॅम्पल ताईंनी स्वतः घालून बघितला. जांघेतला जोड उसवला. पँटच्या चारही शिवणी तिथे एका ठिपक्यावर येऊन भेटतात, सगळा भार तिथे. मी म्हटलं, जीन्सवाल्याला हे काय सांगता. दुसऱ्या सॅम्पलला जीन्सची दुमडशिवण मारली, वर आडवे टाके. बैल बांधला तरी सुटणार नाही अशी. शिवण सुटली नाहीच. म्हात्रेकाकूंनी घातला तेव्हा शिवणीच्या बाजूचं कापड फाटलं. तोच तो चर्र.

कारखान्यावर परत आलो तर हरेशशेठ वाटच बघत होता. सिंधी माणूस. बापाच्या वेळेपासून मी त्याच्याकडे. जीन्सचं काम कमी झालं म्हणून त्याने गाळ्याचा अर्धा भाग भाड्याने दिला होता. माझं टेबल उरलेल्या अर्ध्यात, भिंतीला टेकलेलं.

"फट गया?"

"फाटलं."

"मास्टर, मैंने पहले ही बोला था. हा आपला लाइन नाय."

"शेठ, आणखी एक सॅम्पल."

"एक. लास्ट. पास झाला तर तुझा टेबल राहील, योगा का माल चालू करेंगे. नाय झाला तर टेबल निकालके ती जागा पण भाड्याने देतो. तुम भी अब घर जाके आराम करो ना, साईं."

तो वाईट बोलला नाही. पण आराम म्हणजे मांजर्लीचं घर. माझी बायको सुमन गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून त्या घरात कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मीच मोजतो. ते टेबल गेलं तर मी सकाळी उठून कुठे जायचं? हे शेठला सांगून काय उपयोग. मी खडू खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी परत कुळगावला गेलो.

वर्ग सुटला होता. ताई सतरंज्या गुंडाळत होत्या. मी सरळ विचारलं, "नक्की कुठल्या आसनात फाटतं?"

"वीरभद्रासनात. दोन्ही वेळेला."

"बाकीच्यात का नाही?"

त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. प्रत्येक आसनाची त्या गोष्ट सांगतात आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी पाय हलवायचा नाही. एका पायावर उभं राहायचं, तेव्हा गंगेसाठी तप करणारा भगीरथ. पाठ पिळून बसायचं, तेव्हा मच्छिंद्रनाथ. शंकर पार्वतीला ज्ञान सांगत होता, ते माशाच्या पोटातून ज्याने चोरून ऐकलं तो. हनुमानासनाला लंकेची उडी, एक पाय पुढे एक मागे, जमिनीला टेकेपर्यंत. ते वर्गात कुणालाच येत नाही. म्हात्रेकाकूंनी सांगूनच टाकलंय, "मला लंकेला जायचं नाही. मला इथेच बरं आहे."

"आणि वीरभद्राची गोष्ट?"

"ती सगळ्यात लांब."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे त्या जोडावर सगळ्यात जास्त वेळ ताण.

"ताई, मग गोष्ट छोटी करा."

"मास्टर, तुम्ही पँट मोठी करा."

बाई माझ्यापेक्षा सरळ बोलणारी निघाली. मला बरं वाटलं.

गोष्ट मला माहीत होती. अंबरनाथच्या शिवमंदिरात सुमन दर महाशिवरात्रीला रांग लावायची आणि मी बाहेर चपला सांभाळायचो. दक्षाने यज्ञ केला, जावयाला बोलावलं नाही. लेक सती न बोलावता गेली, बापाने अपमान केला, तिने तिथेच देह ठेवला. महादेवाने जटा उपटून जमिनीवर आपटली आणि त्यातून वीरभद्र निघाला. पुढे मारामारी.

"मारामारी नाही नुसती," ताई म्हणाल्या. "आसनं तीन आहेत. पहिल्यात तो जमिनीतून वर येतो, हात वर. दुसऱ्यात हात फाकवून नजर रोखतो, दक्ष दिसला. तिसऱ्यात वार, दक्षाचं मुंडकं उडतं. पण आम्ही तिथे थांबत नाही. पाय जवळ घेतो, हात जोडतो. कारण शेवटी महादेवाने दक्षाला बोकडाचं डोकं लावून उठवलं आणि त्याचा यज्ञ पुरा करून दिला. राग कुठे सुरू झाला ते सगळे सांगतात. कुठे ठेवायचा ते कुणी सांगत नाही."

"एवढे पाय फाकवायचे कशाला पण?"

"बायको गेलीय त्याची, मास्टर. एवढं दुःख पाय चिकटवून उभं राहून पेलत नाही. जागा लागते."

त्यांना माझं काही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलंही नाही. महादेवाने जटा तरी आपटली. मी काहीच आपटलं नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर येऊन जीन्स कापायला लागलो होतो.

"मला उभं करा त्यात," मी म्हटलं.

"तुमचे गुडघे?"

"माझे मी बघतो."

मी भिंतीला एक हात लावून उभा राहिलो. एक पाय पुढे वाकवला, दुसरा लांब मागे. ताई म्हणाल्या, "मागची टाच रुतवा. सगळा भार तिथे जाऊ द्या." गुडघा कुरकुरला. पण मला पाहिजे होतं ते कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की ताण जोडावर असतो. ताण मागच्या टाचेपासून पुढच्या गुडघ्यापर्यंत तिरका जातो. जोड बिचारा मध्ये सापडतो. आणि मी त्यालाच आणखी घट्ट करत बसलो होतो. घट्ट केलं म्हणून शेजारचं फाटलं.

तसाच उभा राहून मी ताईंच्या हातात टेप दिली. "पुढे कमरेपासून जांघेतून मागे कमरेपर्यंत माप घ्या." त्या जरा अवघडल्या. म्हटलं, "मी म्हातारा आहे, लाजू नका." त्यांनी घेतलं. मग सरळ उभा राहून तेच माप परत घेतलं. चांगला चार बोटांचा फरक. आम्ही जीन्सवाले माणसाला खांबासारखा उभा करून मापतो, आणि तो खांबासारखाच राहील असं धरून कापतो.

यावर उपाय जुना आहे. वांगणीला शिंप्याकडे शिकायला होतो तेव्हा आम्ही लेंगे शिवायचो. लेंग्याला जांघेत पतंगाच्या आकाराचा एक तुकडा जोडतात. त्याला मियानी म्हणतात. मग चार शिवणी एका ठिपक्यावर भेटत नाहीत, तुकड्याच्या चार टोकांना वाटल्या जातात. जीन्सला मियानी नसते, म्हणून मी ती विसरूनच गेलो होतो. शेतात लावणीला बायका काष्टा घालून दिवसभर वाकायच्या. त्यांचं कधी फाटलेलं मी ऐकलं नाही, कारण तिथे जोडच नव्हता.

मियानी मी उरेब कापायची ठरवली. उरेब म्हणजे कापड तिरकं धरून. सुती कापड सरळ ओढलं तर ताणत नाही, तिरकं ओढलं तर देतं. ताण तिरका, मग कापडही तिरकं.

शेठचं कापड शेवटच्या सॅम्पलपुरतंच होतं. म्हणून आधी स्वतःसाठी एक करून बघायची ठरवली. पँटला घरातली जुनी चादर घेतली. मियानीला मऊ सूत पाहिजे होतं. सुमनच्या साड्या ट्रंकेत तशाच होत्या. वर्षभर मी ती ट्रंक उघडली नव्हती. उघडली. तिची घरात नेसायची, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी काढली आणि पदराकडचा तुकडा कापला. ती असती तर म्हणाली असती, "एवढ्या अंगात माझ्या साडीला हीच जागा सापडली का हो?"

संध्याकाळी ती पँट घालून घरात उभा राहिलो. गोष्ट संपेपर्यंत हलायचं नाही, असा नियम. सांगायला कुणी नव्हतं म्हणून मीच मोठ्याने सांगितली. दक्ष, यज्ञ, सती, जटा, सगळी. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी एवढं बोलत होतं. बोकडाचं डोकं लागलं, हात जोडले, गोष्ट संपली. पँट शाबूत. मी थोडा उसवलो. ते तेवढंच पुरे.

तिसरा सॅम्पल मी शेठसमोर कापला. मियानी बघून तो म्हणाला, "अरे, ये तो मेरे दादा का पाजामा है!"

"तुझे आजोबा फाटक्या पाजाम्यात फिरायचे का?"

"नहीं."

"मग गप बस."

म्हात्रेकाकूंनी तो घातला, सगळी आसनं केली आणि जिन्यात येऊन मला म्हणाल्या, "आता वळा, मास्टर. वळण्यासारखं आहे."

सॅम्पल पास झाला, सगळ्यांच्या पँटी तशाच शिवल्या. योगदिनाच्या कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. बदलापूरचे होते, अंबरनाथचे वर्ग बघायला आले होते. शेठ पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी उभा, घाम पुसत. ताईंनी माइक घेतला. वीरभद्रासन. सगळ्या बायकांनी एकदम पाय फाकवले, टाचा रुतवल्या, हात वर. आणि ताईंनी माझ्याकडे बघून गोष्ट सुरू केली. मुद्दाम लांबवली. दक्षाच्या यज्ञाला कोण कोण आलं होतं ते एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. शेठ कुजबुजला, "मास्टर, इसको बोलो जल्दी करे!"

मी डोळे मिटून ऐकत होतो. गोष्ट नाही, कापड. एवढ्या पँटी, एवढा ताण. वारा ऐकू आला, कुणाचं तरी नातवंड रडलं. दक्षाला बोकडाचं डोकं लागलं. पाय जवळ आले, हात जोडले गेले. चर्र नाही. तडतड नाही. एक टाका हलला नाही.

पहिल्या रांगेतून म्हात्रेकाकूंनी दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "मास्टर, आज लंकेला पण गेले असते!"

अख्खं मैदान हसलं. या वेळेला मीपण.

अंबरनाथच्या वर्गांनी अशाच पँटींसाठी तिथेच शेठला गाठलं. शेठ फोन खांद्यात धरून दोन्ही हात नाचवत बोलत होता. सोमवारी कारखान्यावर गेलो तर माझं टेबल भिंतीपासून सुटून गाळ्याच्या मधोमध आलं होतं. भाड्याने दिलेला अर्धा भाग आता तो परत मागतोय.

ती चादरीची पँट माझ्याकडे आहे. सकाळी ती घालून मी मांजर्लीत घरच्या घरी वीरभद्र करतो, भिंत न धरता. नवीन कारागीर आला की त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. सरळ उभ्या माणसाचं माप घेऊ नकोस. सरळ उभं तर कुणीही राहतं.