कापसाच्या ढिगावरची रेंज

घरोघरी वायफाय बसवायचा धंदा केला की गिऱ्हाइकाआधी किस्से जमा होतात! धाड गावात माझा आणि रफिकचा हाच धंदा. त्यातले निम्मे किस्से एकट्या गुलाबराव काकांचे.

काकांचं घर लांबलचक. समोर काकूंची पिठाची गिरणी, मधली खोली कापसाची, पार मागे त्यांच्या मुलीची, सुनीताची. पोरीचा नोकरीचा इंटरव्ह्यू लॅपटॉपवर होणार होता आणि मागे रेंज औषधालाही नाही. गिरणीच्या धडधडीत इंटरव्ह्यू कसा द्यायचा? म्हणून समोरून मागे एकमेकांना रेंज देणारी, खोलीला एक, अशी वायफायची तीन मशीनं ठरली.

काका म्हणाले, "एका नेटाले तीन मशीनं? वाटून वाटून पातळ नाही होनार काय बे?"

रफिक म्हणाला, "काका, ठिबक समजा. पाइप एकच, पाणी सगळीकडे."

"मंग शेवटपर्यंत प्रेशर पोचते का?"

रफिकनं घाईघाईनं ड्रिल चालू केलं. मी शिडी आणायला पळालो!

*

मागचं मशीन चालूच होईना. रफिकनं विचारलं, "खोक्यातली छोटी थैली कुठाय?"

"फेकली," काका म्हणाले.

"काऊन?"

"बीटी कपाशीच्या पाकिटात साध्या बियाण्याची छोटी थैली येते, ते कोन पेरते बे?"

त्या थैलीत अ‍ॅडॅप्टर होता! आम्ही दोघं दुपारभर उकिरडा उपसत होतो आणि काका वरून म्हणत होते, "पेरायचं होतं तं सांगायचं ना!"

*

मग काकूंनी मधलं मशीन बंद केलं. "तिथं कोनी बसतच नाही, रिकामं काऊन जाळायचं?"

मी समजावलं, की मधलं बंद केलं तर मागचंही जातं. काकूंना पटलं. त्यांनी लगेच मधलं चालू केलं आणि समोरचं बंद केलं!

*

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मधलं मशीनच गायब! वेचणी झाली होती, भाव पडला होता, म्हणून काकांनी सगळा कापूस मधल्या खोलीत कोंबला होता. मशीन त्याच्या पोटात! आम्ही ते उकरून छताजवळ टांगलं. पण कापसानं दार बुजलेलं, मागे रेंज जाईना. सुनीता रडकुंडीला आली. शेवटी तीच ढिगावर चढली आणि ओरडली, "इथं फुल्ल हाये!"

*

दुसऱ्या दिवशी सुनीता इस्त्रीचा ड्रेस घालून कापसावर, मांडीवर लॅपटॉप. काकूंनी गिरणी बंद ठेवलेली. आम्ही काकांसोबत समोरच्या दारात उभे. आणि नेमका कापसाचा व्यापारी गाडी घेऊन आला! आल्या आल्या त्यानं भाव सांगितला.

काकांनी तोंडावर बोट ठेवलं.

व्यापारी गोंधळला. थोडा भाव वाढवला.

काकांनी नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. त्यानं आणखी वाढवला.

काकांनी हात जोडले. व्यापाऱ्यानं कपाळाचा घाम पुसला. "काका, याच्यावर मले परवडत नाही!" म्हणाला आणि आणखी वाढवला!

काका आमच्याकडे बघताहेत, आम्ही काकांकडे. काय चाललंय ते कुणालाच कळेना.

तेवढ्यात सुनीता घसरत खाली आली. केसांत कापूस, डोळ्यांत पाणी. "बाबा, घेतलं मले! आत्ताच सांगतलं!"

काकांनी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांतला कापूस काढला. आमचेही डोळे भरले. मग त्यांनी एकदा व्यापाऱ्याकडे पाहिलं, एकदा छताला लटकलेल्या मशीनकडे, आणि रफिकच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"सोयाबीनच्या पोत्यांवरबी एक लावून दे बे!"