जिन्याखालचा भूमिपुत्र कक्ष

आमच्या ऑफिसातला एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा मागून धक्का मारतो. त्यात माझा काही दोष नाही. लातूरच्या एका सरकारी इमारतीत, जिन्याखाली, 'भूमिपुत्र कक्ष' आहे. परदेशात गेलेल्या आपल्या माणसांना जिल्ह्याच्या विकासाशी जोडायचं, असं धोरण. मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग अर्धवट सोडून इथं कंत्राटी ऑपरेटर झालो. साहेब रिटायरमेंटला आले, अजून कॉपी-पेस्ट येत नाही.

*

गावोगाव फोन लावून विचारलं, तुमच्यातलं परदेशात कोण? देवणीकडच्या एका सरपंचांनी छाती फुगवून थोरल्या लेकीचं नाव सांगितलं. कुठं असते? तर बिदरला. म्हटलं काका, ते शेजारचं राज्य आहे.

"सासरचे दिवाळीला बी धाडंनात. मग परदेशच की."

*

अमेरिकावाल्यांची ऑनलाइन मीटिंग साहेबांनी दुपारी बाराला ठेवली. तिकडं मध्यरात्र असते, हे मी सांगून पाहिलं. एकही जण आला नाही. साहेब कोऱ्या स्क्रीनकडं बघत म्हणाले, "तिकडं जाऊन लई आळशी झालेत."

*

निलंग्याचा मिलिंद दुबईला वेल्डर. सुट्टीत आला तेव्हा स्वतःहून कक्षात आला. गावच्या पोरांना फुकट शिकवतो म्हणाला. साहेबांनी आधी आडनाव विचारलं, मग गल्ली विचारली. चहा मात्र विचारला नाही. तो गेल्यावर मला म्हणाले, "आपल्याला भूमिपुत्र पाहिजेत रे. हा तर कामाला गेलाय."

*

मग सुनंदाताई सापडल्या. अमेरिकेत डॉक्टर, माहेर त्याच बिदरवाल्या सरपंचांच्या गावात. गावच्या शाळेत मुलींना संडास नव्हता. माझी चुलत बहीण पूजा तिथंच सातवीत. पोरी दुपारी घरी जायच्या, त्या परत यायच्या नाहीत. काकू तर तिची शाळाच बंद करायला निघालेली. ताईंनी सगळा खर्च दिला आणि संडास झाला.

उद्घाटनाला ताई आल्या. कुलूप उघडलं, टाळ्या पडल्या. पोरी घाण करतील म्हणून पाहुण्यांचं जेवण चालू असतानाच हेडमास्तरांनी कुलूप परत लावलं. सरपंचांना तर शालीपेक्षा मोठं काहीतरी द्यायचं होतं. त्यांनी ती चावी मखमलीच्या डबीत घालून ताईंना दिली. ताई रडल्या. चावी अमेरिकेला गेली.

दुसरी चावी सापडंना. मी म्हटलं, कुलूप तोडा. साहेब खवळले. एनआरआयच्या हस्ते उघडलेलं कुलूप तोडलं तर वर काय तोंड दाखवायचं?

काकूनं पूजाचं दप्तर माळ्यावर टाकलं.

परवा ताईंचा व्हिडिओ कॉल आला. मागं भिंतीवर फ्रेममध्ये चावी. त्यांनी विचारलं, संडास नीट आहे ना, पोरींनी खराब तर नाही केला?

साहेब मला बाजूला सारून कॅमेऱ्यापुढं आले.

"न्हाई मॅडम, एकदम कोराकरकरीत हाय."