बिनविस्तवाचा चहा

आमच्या मायक्रोवेव्हमध्ये आजवर एकही पदार्थ शिजलेला नाही. हे मी माफी मागायला सांगत नाही.

लोक टोमणा मारल्यासारखं विचारतात, "त्यात नुसतं गरमच करता ना?" होय, नुसतं गरमच करतो. त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत केक, पुलाव आणि भरलेली ढोबळी मिरची यांची रंगीत चित्रं होती. आम्ही ती आदराने पाहिली आणि आत कालची आमटी ठेवली. ज्या घरात एक जण दिवेलागणीला जेवतो, दुसरी मुंबईच्या ऑफिसातून उशिरा येते आणि तिसरा हातातल्या पुस्तकाचं प्रकरण संपल्याशिवाय पानावर बसत नाही (तिसरा मी), त्या घरात गरम करणं हीच खरी पाककला आहे. ज्यांना हे कमी वाटतं त्यांनी खुशाल थंड आमटी खावी!

आई गेली त्याला आता काही महिने झाले. घर आवरायला आलेले भाचे म्हणाले, मामा, हा जुना डबा भंगारात देऊ या. मी नाही म्हटलं. का, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगू लागताच ते आळीपाळीने घड्याळं बघू लागले. म्हणून सावकाश लिहितो आहे. कागद घड्याळ बघत नाही.

मायक्रोवेव्ह आणला नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते निवृत्त झाले आणि आम्ही दादर सोडून नवीन पनवेलात आलो. नानांनी जन्मभर एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढले होते, पण घरी एकही यंत्र आणू दिलं गेलं नव्हतं. त्याचा सूड त्यांनी पहिल्याच दिवाळीत उगवला. मुंबईहून मायक्रोवेव्ह एसटीने आणला, मांडीवर घेऊन. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं, तेव्हा "मांडीवरच्या मुलाचं तिकीट नसतं" असं आपण सुनावलं, असं ते सांगत. (प्रत्यक्षात त्यांनी निमूट तिकीट काढलं होतं. ते आईला पँटच्या खिशात सापडलं.)

आईने त्या यंत्राला हात लावला नाही. ती त्याला 'तुमचा डबा' म्हणायची आणि तो चालू असला की दोन हात लांब उभी राहायची. नाना रोज सकाळी त्यात तिच्यासाठी चहा करत. कपातच पाणी, दूध, साखर आणि पावडर, सगळं एकदम. तो चहा रोज उतू जायचा, नाना रोज काचेची ताटली पुसायचे, आणि आई रोज पहिल्या घोटाला म्हणायची, "हा चहा नव्हे. हे गरम झालेलं पाणी आहे, त्याला सर्दी झालीय." मग तो संपवायची.

दोन वर्षांनी एका पहाटे नाना गेले. झोपेतच, कुणाला न उठवता. आयुष्यभर त्यांनी कुणाला त्रास दिला नव्हता, त्या दिवशीही दिला नाही. त्रास द्यायला बापूकाका समर्थ होते.

बापूकाका नानांचे धाकटे भाऊ. ते जुन्या पनवेलात राहत आणि आमच्या घराण्यातल्या लग्नमुंजींपासून तेराव्यापर्यंत सगळ्याचं शास्त्र त्यांच्या ताब्यात होतं. ते आले, नानांच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडले, डोळे पुसले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा नॉब सिलिंडरपाशीच बंद केला. दादाला नेईपर्यंत घरात विस्तव पेटणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यात नवीन काही नव्हतं, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. पण माझी बहीण कोल्हापूरहून निघाली होती, ती पोचेपर्यंत दुपार उलटणार होती, आणि काकांनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून घेतली.

आई नानांच्या उशाशी बसली होती. ती रडली नाही, बोलली नाही, पाण्याचा घोटही घेतला नाही. तिची रक्तदाबाची गोळी रिकाम्या पोटी चालत नसे, आणि ती घेतली नाही तर चक्कर यायची. माझी बायको वंदना सकाळपासून त्या गोळीची पट्टी हातात घेऊन फिरत होती. तिचं सगळं लक्ष एवढ्या एकाच गोष्टीवर होतं, आईच्या पोटात काहीतरी गरम गेलं पाहिजे.

इमारतीतले निम्मे फ्लॅट तेव्हा कुलूपबंद होते. शेजार म्हणजे तळमजल्यावरच्या म्हात्रेवहिनी. त्या किटलीभर चहा घेऊन आल्या. "आदी आईंना द्या, मंग बाकीच्यांना," म्हणाल्या. आम्ही आधी आईलाच दिला. तिने कप शेजारी ठेवला आणि त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकीच्यांनी मात्र इतक्या तत्परतेने घेतला की किटली पालथी झाली. आईच्या कपातल्या चहावर जाड साय धरली.

बऱ्याच वेळाने वंदनाने तिच्यापाशी बसून विचारलं, आई, घोटभर घेता का? आईने मान हलवली, ती हो अशी. वंदना तो गार कप उचलून धावतच स्वयंपाकघराकडे आली, काकांच्या खुर्चीला वळसा घालून आत गेली आणि तिने मायक्रोवेव्हचं दार उघडलं.

"सूनबाई, विस्तव नाही म्हणालो ना मी," काका म्हणाले.

"यात विस्तव नसतोच, काका."

"मग चहा तापतो कशाने? पुण्याईने?"

वंदनाने नानांच्या उशाशी लावलेल्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि तो चालतो का, असं विचारलं. काका म्हणाले, तो दिवा आहे, हा चहा आहे. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. घरात आलेला छापील कागद मी वाचल्याशिवाय सोडत नसे, त्यामुळे मायक्रोवेव्हची पुस्तिका संपूर्ण वाचलेला आमच्या घरातला, आणि बहुधा रायगड जिल्ह्यातला, मी एकमेव माणूस होतो. वंदनाने डोळ्यांनी सांगितलं, बोला. आणि मी बोललो! मी काकांना समजावलं की यात ज्वाळा नाही, तापलेली तार नाही, काही पेटत नाही. अदृश्य लहरी असतात. त्या चहातल्या पाण्याचे कण अतिशय वेगाने हलवतात, ते एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणातून उष्णता तयार होते.

"घर्षणातून," काका म्हणाले.

"हो."

"म्हणजे अरणी."

काकांनी जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की यज्ञाचा अग्नी काडेपेटीने पेटवत नाहीत, लाकडावर लाकूड घासून काढतात, त्या लाकडांना अरणी म्हणतात, आणि घर्षणातून निघालेला अग्नी हा सगळ्यांत शुद्ध, सगळ्यांत खरा अग्नी. गॅस एक वेळ परवडला! आतापर्यंत त्यांना त्या डब्याबद्दल नुसती शंका होती. माझ्या स्पष्टीकरणानंतर त्यांची खात्री पटली.

वंदनाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी करत नाही. आमचा संसार पुढेही चालायचा होता.

एवढ्यात गुरुजी आले. वंदनाने त्यांना चप्पल काढायच्या आतच गाठलं आणि सगळी हकिगत सांगितली. गुरुजी तरुण होते, उरणहून स्कूटरवर आले होते आणि त्यांनाही कुणी चहा विचारला नव्हता. त्यांनी मायक्रोवेव्ह पुढून पाहिला, बाजूने पाहिला, दार उघडून आत डोकावले. मग शांतपणे म्हणाले, "ज्योत दिसत नाही, धूर दिसत नाही. जे दिसत नाही त्याला विस्तव म्हणता येत नाही. आजींना चहा द्या."

काका खुर्चीतून उठले. हरल्यासारखे नव्हे, पंचांनी चुकीचा निर्णय दिलेल्या खेळाडूसारखे. वाट मोकळी झाली. आणि इथे मी, केवळ प्रेमापोटी, पुढे सरसावलो.

मघाचा तो चहा आमच्या रोजच्या, कान तुटलेल्या कपात होता. मला वाटलं, आजच्या दिवशी आईला तुटक्या कपात चहा द्यायचा? मी शोकेस उघडलं. त्यात माझ्या लग्नात आहेर आलेला सहा कपांचा संच होता, पांढराशुभ्र, काठावर सोनेरी रेघ. तो पाहुण्यांसाठी होता, आणि पाहुणे त्याच्या लायकीचे नसल्यामुळे कधी वापरलेला नव्हता. मी त्यातल्या एका कपात साय काढून चहा ओतला, आत ठेवला, दार लावलं आणि वेळेची चकती फिरवली. सगळेजण माझ्या मागे उभे होते. गुरुजी उभे होते. काका सर्वांत पुढे.

आत धातू ठेवू नये, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. ते ठळक अक्षरात होतं. पण सोनं हा धातू आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी त्याला आहेर समजत होतो.

आधी एक चट्ट असा आवाज झाला. मग त्या सोनेरी रेघेवरून एक निळी-पिवळी ठिणगी पळत गेली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता कपाच्या भोवती लहानशी दिवाळी सुरू झाली. चट् चट् चट्! मी चकती मागे फिरवायच्या ऐवजी पुढे फिरवली. कुणीतरी बटण बंद केलं. दार उघडलं तसा आतून धुराचा एक सडपातळ धागा बाहेर आला, गुरुजींच्या समोरून वर गेला आणि पंख्यापाशी नाहीसा झाला.

"दिसली," काका म्हणाले. आणि पंख्याकडे बोट दाखवून, "धूरसुद्धा."

गुरुजी छताकडे बघू लागले.

तेवढ्यात मागे हालचाल झाली आणि सगळे बाजूला सरकले. आई उठून आली होती. तिने मला दूर केलं, सोन्याचा कप बाहेर काढून त्याच्या काळ्या पडलेल्या काठावरून बोट फिरवलं.

"यांनीही हेच केलं होतं," ती म्हणाली. "याच्या जोडीचा एक मीच टाकून दिला. तुम्हाला पाच राहिलेत हे कळलं नाही कधी."

पहाटेपासूनचे तिचे हे पहिले शब्द. मग तिने तो चहा बेसिनमध्ये ओतून दिला. कान तुटलेला कप विसळला. त्यात पाणी घातलं, दूध घातलं, साखर आणि पावडर घातली, सगळं एकदम. तो आत ठेवून दार लावलं आणि चकती फिरवली. दोन वर्षं दोन हात लांबून बघत आलेली बाई चकती नेमकी कुठवर फिरवायची ते जाणून होती.

काकांना राहवलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, अहो, विस्तव..."

"भाऊजी, विस्तव दुपारी लागायचाच आहे, तो काही टळत नाही," आई काचेतून फिरणाऱ्या कपाकडे बघत म्हणाली. "तोवर मला यांच्या हातचा चहा पिऊ द्या."

चहा तिच्या हातचा होता.

सगळं घर त्या फिरणाऱ्या कपाकडे बघत उभं राहिलं. चहा वर आला, अजून वर आला आणि उतू गेला. आई म्हणाली, "गेला." आणि तिथेच ओट्याला टेकून ती रडली, सकाळपासून न रडलेलं सगळं. वंदनाने तिला धरलं. मग आईने डोळे पुसले, ताटली पुसली, उभ्या उभ्या चहा प्यायला, अगदी वाईट झालाय म्हणाली आणि शेवटच्या घोटाबरोबर गोळी घेतली.

त्यानंतर त्या डब्याने त्या घरासाठी काय केलं ते मी पाहिलं आहे. गुरुजींना चहा मिळाला. म्हात्रेवहिनी वर आल्या, "पेटला का नाय यो?" म्हणत त्यांनी बाकीच्यांच्या चहाचे साधे कप आत लावायला घेतले. येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी गरम मिळालं. बापूकाकांनी तीनदा नको म्हटलं आणि दोनदा घेतला, तोही पाठ फिरवून, शास्त्राला दिसू नये म्हणून. कसलाही विस्तव नव्हता. केवळ मला यंत्रापासून लांब उभं केलेलं होतं. म्हणून म्हणतो, ज्यांना 'नुसतं गरम करणं' हसण्यासारखं वाटतं त्यांनी हसावं. हा मायक्रोवेव्ह माझ्या ओट्यावरून हलणार नाही.

दुपारी ताई पोचली आणि निघायची तयारी झाली. खाली अंगणात मडकं ठेवलं होतं, त्यात गोवऱ्या. मडक्यातला विस्तव मुलाने धरायचा, आणि पेटवायचाही मीच, असं काकांनी सांगितलं. मी काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. गोवऱ्या दमट होत्या. मी फुंकर घातली, वाकून घातली, गुडघे टेकून घातली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चारी बाजूंना धूर, आणि विस्तवाचा पत्ता नाही. सगळी माणसं खोळंबली होती. वर गॅलरीत आई उभी होती, तीही बघत होती.

शेवटी बापूकाका माझ्याशेजारी खाली बसले आणि माझ्या हातातून त्यांनी काडेपेटी काढून घेतली.

"आण इकडे," ते म्हणाले. "तुझं फक्त कपात पेटतं."